इन्स्पेक्टरबाईंसाठी साठ लिटर

५ मार्च

ती. दादास,
कृ. शि. सा. न. वि. वि. (यातला अर्धा नमस्कार वहिनीला पोचता कर. मागच्या वेळी सगळा तूच ठेवून घेतलास असं तिने कळवलं आहे.)

आमचा दवाखाना बंद होतोय. डॉक्टर सत्तरीचे झाले, हात थरथरायला लागला, आणि दातांच्या डॉक्टरचा हात थरथरला की पेशंट खुर्चीतून उठून पळणारच. तीस एप्रिल हा शेवटचा दिवस. बावीस वर्षं झाली रे मला तिथे. समोर बसून नंबर लावायचे आणि मागच्या खोलीत चिमटे, आरसे, सुया धुऊन वाफेच्या यंत्रात निर्जंतुक करायच्या. माझ्या हातून एक जंतू जिवंत सुटला असेल तर शपथ.

पण रडगाणं गायला पत्र लिहीत नाहीये. बाहेरच्या खोलीतली माशांची मोठी टाकी तुला आठवते ना, खाऱ्या पाण्याची? ती एका हॉटेलवाल्याने घेतली, मासे, वाळू, दगड सगळ्यासकट. फक्त एक मासा त्याला नको आहे. नारिंगी अंग, त्यावर पांढरे पट्टे, एक पर फाटका, आणि टाकीत हात घातला की कडकडून चावतो. बारा वर्षांचा आहे. आम्ही त्याला इन्स्पेक्टर म्हणतो, कारण दारातून येणाऱ्या प्रत्येकाकडे तो काचेशी येऊन आधी खालून वर बघतो. सकाळी नऊला मी दिवा लावला की पहिली तपासणी माझी होते. हॉटेलवाला अगदी सहज म्हणाला की म्हाताऱ्याला मोठ्या माशांपुढे टाकू. मी त्या दिवशी डबासुद्धा उघडला नाही.

दादा, मला तो मासा घरी आणायचा आहे. आमच्या दीड खोलीत, आमच्या खिशाला परवडेल अशी लहानशी टाकी करायची आहे. हे म्हणतात की खारं पाणी म्हणजे श्रीमंतांचं खूळ. तू एकतीस वर्षं मत्स्यालयाच्या पंपघरात काढलीस. त्या पंपांनी तुझे कान नेले, फोनवर आपण नुसते एकमेकांवर ओरडतो, म्हणून सगळं नीट कागदावर लिही. तीस तारखेच्या आत टाकी तयार झाली नाही तर त्याचं काय होणार ते तुला कळलंच आहे.

उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
ठकी


१० मार्च

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद. वहिनीला तिचा अर्धा नमस्कार मोजून दिला. तो कमी भरला अशी तिची तक्रार आहे.

पहिली गोष्ट, मी माशांचा विषय सोडला आहे. तुला माहीत नाही म्हणून सांगतो, चार वर्षांत मी मत्स्यालयाची पायरी चढलेलो नाही. घरापासून चालत वीस मिनिटं आहे, पण मी वळसा घालून भाजीला जातो. शेवटच्या दिवशी निरोपाला सगळे जमले होते. चहा यायचा होता. तेवढ्यात साहेबांनी हात पुढे करून पंपघराची किल्ली मागून घेतली. एकतीस वर्षं ती किल्ली माझ्या कमरेला होती, आणखी दहा मिनिटं राहिली असती तर काय बिघडणार होतं? तो चहा मी प्यायलो नाही. वहिनी म्हणते की मी राईचा पर्वत करतो. करतो तर करतो.

दुसरी गोष्ट, तुझा इन्स्पेक्टर बाई आहे. या जातीत सगळे नर जन्मतात आणि जो सगळ्यात मोठा आणि तापट असतो त्याची मादी होते. तेव्हा बारा वर्षं तुम्ही एका बाईला साहेब म्हणत आलात. या बाई वीस वर्षंही जगतात, त्यामुळे म्हातारी म्हणायची घाई करू नका.

आता ऐक. साठ लिटरची टाकी पुरे. नवी घेऊ नकोस, जुनी बघ, फक्त गळत नाही ना ते पाहा. बाहेर चार दिवस भरून ठेव आणि खाली कोरडा वर्तमानपत्राचा कागद घाल. ओला झाला तर ती टाकी परत कर. भरल्यावर सत्तर-ऐंशी किलो वजन होतं, तेव्हा हलत्या टेबलावर ठेवू नकोस. एक छोटा पंप, एक हीटर, एक साधा फिल्टर. झाकण काचवाल्याकडे उरलेल्या तुकड्यातून कापून घे. स्वयंपाकाचं मीठ अजिबात नको, माशांच्या दुकानात समुद्री क्षारांचं पाकीट मिळतं. लिटरला पस्तीस ग्रॅम. नळाचं पाणी एक दिवस उघडं ठेवून मगच त्यात क्षार घाल. खारेपणा मोजायची काचेची तरती नळी घे आणि अमोनिया तपासायच्या थेंबांची बाटली घे. या दोन गोष्टींत काटकसर करायची नाही, बाकी सगळीकडे कर.

आणखी एक. पाणी उडून जातं, मीठ उडत नाही. म्हणून काचेवर रेघ आखून ठेव, आणि पातळी खाली गेली की साधंच पाणी घाल, खारं नव्हे. माझ्या हाताखाली शिकलेला प्रत्येक माणूस इथे एकदा तरी चुकला आहे.

समुद्राचं पाणी कॅनमधून पाठव असं लिहिशील म्हणून आधीच सांगतो, आमच्या बंदरातल्या पाण्यावर डिझेल तरंगतं.

विषय सोडलेला,
दादा


२४ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि. विषय सोडला म्हणून दोन पानं आली. धरला असतास तर पोस्टमनला पाठीचं दुखणं लागलं असतं.

टाकी मिळाली! कोपऱ्यावरचा चष्मेवाला तिच्यात जुन्या फ्रेमी टाकून ठेवायचा. चार दिवस गच्चीवर भरून ठेवली. तिसऱ्या दिवशी कागद ओला दिसला आणि मी टाकी परत द्यायच्या तयारीला लागले. मग कळलं की वरच्या मजल्यावरच्या बाईंनी कपडे वाळत घातले होते. टाकीचा काही दोष नव्हता.

ठेवायची कुठे यावरून आमच्या घरात दोन दिवस अबोला होता. वजन पेलणारी जागा एकच, खिडकीजवळचं ह्यांचं लोखंडी कपाट, आणि त्यावर ह्यांचा रेडिओ. रेडिओ हलवायचा म्हटल्यावर ह्यांनी मला सतरा अडचणी सांगितल्या. अठरावी सुचली नाही तेव्हा स्वतःच उचलून खाली ठेवला. आता तेच सगळ्यांत जास्त लुडबुड करतात. बेकरीत पिठाचा काटा वापरून वापरून माणूस ग्रॅमाचा वेडा झालाय. क्षार असे तोलतात की दोन दाणे जास्त पडले तर चिमटीने परत काढतात. परवा मी पाहिलं तर बोट बुडवून चव घेत होते. तरती नळी कशाला आणली असं विचारलं, तर म्हणाले की पाव भट्टीतून काढतानाही बोटच खरं सांगतं.

सगळं आहे तसं लिहिते. वाळूचा पातळ थर, दुकानातले कोरडे पांढरे दगड तीन, पंप चालू, हीटर चालू, झाकण काचवाल्याने फुकट दिलं, कारण त्याची दाढ आमच्याच दवाखान्यात काढली होती. रेघेसाठी मी आमच्या निर्जंतुकीकरणाच्या यंत्राची चिकटपट्टी लावली आहे. पाणी इतकं नितळ आहे की खिडकीतून पलीकडची इमारत टाकीतून दिसते. डॉक्टरांना सांगितलं तर म्हणाले की ठकीबाई, तुम्ही केली म्हणजे ऑपरेशनची खोली असणार.

इन्स्पेक्टरबाईंना बाई म्हणायची अजून सवय होत नाही. कधी आणू त्यांना? माझा तर आता पाय निघत नाही त्या कपाटापासून.

तुझी,
ठकी


२९ मार्च

चि. ठकीस,
अ. आ. मेव्हण्यांना सांग की बोट काढा आणि नळी वाचा.

टाकी छान झाली असणार यात शंका नाही, पण नितळ पाण्यावर भाळू नकोस. नव्या टाकीत मासा टाकला की त्याच्याच घाणीचा अमोनिया होतो आणि तो त्याला जाळतो. जुन्या टाकीत एक प्रकारचे जंतू असतात, ते हा अमोनिया खाऊन टाकतात. आपोआप व्हायला दीड महिना लागतो, आणि तेवढा वेळ तुझ्याकडे नाही. म्हणून आम्ही पंपघरातले लोक एक करायचो. जुन्या फिल्टरमधला स्पंज नव्या फिल्टरमध्ये घालायचो, विरजण लावतात तसं. दवाखान्याच्या टाकीच्या फिल्टरमध्ये दोन तरी स्पंज असतील. डॉक्टरांना विचारून एक घरी आण आणि तुझ्या फिल्टरमध्ये बसव. त्याला सुकू देऊ नकोस. मग आठवड्याने बाईंना आण.

एवढंच. सोपं आहे. वहिनीचे गुडघे बरे आहेत, माझे कान तसेच आहेत, घरात शांतता आहे.

दादा


१२ एप्रिल

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

बातम्या दोन आहेत, एक चांगली आणि एक घाईची. हॉटेलवाल्याचे लोक परवा, दहा तारखेलाच, न सांगता दारात उभे. टेम्पो आजच मिळाला म्हणे. तासाभरात टाकी रिकामी केली, पाणी मोरीत, फिल्टर आणि दगड पोत्यात. खोलीत भिंतीवर चौकोनी पांढरा डाग राहिला आणि खाली निळ्या बादलीत इन्स्पेक्टरबाई. मी बादली मांडीवर घेऊन रिक्षाने घरी आले. चालक आरशातून सारखा बघत होता. बाईही त्याच्याकडे बघत होत्या.

आता चांगली बातमी. तू सांगितलेला स्पंज मी त्याच्या आधीच, सहा तारखेला आणला होता, म्हणून वाचलो. काय घाण होती रे ती! काळाकुट्ट, बुळबुळीत, वास तर असा की नाकाला पदर. बावीस वर्षांत असली वस्तू मी कुणाच्या तोंडाजवळ जाऊ दिली नाही, ती माझ्या बाईंच्या पाण्यात घालू? आधी नळाखाली चोळचोळून धुतला. मग डॉक्टरांची नजर चुकवून वाफेच्या यंत्रात घातला, पूर्ण वीस मिनिटांचा फेरा. वर लावलेल्या चिकटपट्टीवर काळ्या रेघा उमटल्या म्हणजे पक्कं निर्जंतुक. बाहेर आला तो कोरा करकरीत, दुकानातला वाटावा असा. गरम गरमच पिशवीत घालून घरी आणला आणि फिल्टरमध्ये बसवला. तुला अभिमान वाटेल म्हणून सविस्तर लिहिलं.

बाई घरी येऊन दोन दिवस झाले. ह्यांची तपासणी झाली, रेडिओची झाली, पलीकडच्या इमारतीची चालू आहे. थोडंसं खाल्लं. आज मात्र कोपऱ्यात हीटरजवळ उभ्या आहेत आणि श्वास जरा भराभर चाललाय. नवीन जागा असेल म्हणून. अमोनियाचे थेंब टाकले तर पिवळ्याऐवजी फिकट हिरवं आलं. हिरवं म्हणजे चांगलं ना?

ठकी


१५ एप्रिल (तातडीच्या टपालाने)

चि. ठकीस,
अ. आ.

हिरवं चांगलं नाही.

तुझं पत्र वाचून मी कपाळावर हात मारला, मग हसलो, मग वहिनी म्हणाली की डोळे पुसा. अगं बाई, ती घाण म्हणजेच विरजण होतं! त्या काळ्या बुळबुळीत जिवांसाठीच तर स्पंज आणायला सांगितला. ते तू धुतलेस आणि उरलेसुरले वीस मिनिटं वाफेत मारलेस. पट्टीवर रेघासुद्धा उमटल्या म्हणतेस. जगात एवढ्या काळजीने कुणी टाकीचा घात केला नसेल.

पण चूक तुझी नाही, माझी आहे. धुऊ नकोस हे दोन शब्द मी लिहिले नाहीत. एकतीस वर्षांत ते कुणाला सांगावे लागले नाहीत, कारण पंपघरात कुणाला काही धुवायची हौस नव्हती. समोर कोण आहे ते विसरून मी लिहीत गेलो. माझी बहीण लहानपणी साबणाची वडीसुद्धा धुऊन ठेवायची.

आता हे कर, आजपासून रोज. संध्याकाळी पाण्यात क्षार मिसळून ठेव, दुसऱ्या दिवशी टाकीतलं एक तृतीयांश पाणी काढून हे भर, टाकीइतकंच कोमट करून. खाणं एक दिवसाआड, चिमूटभर. उरलेलं लगेच काढ. फिल्टर, दगड, काच, कशालाही हात लावू नकोस. फडकं कपाटात कुलूप लावून ठेव आणि किल्ली मेव्हण्यांना दे.

जिवंत स्पंज आमच्या गावात एकाच ठिकाणी मिळेल. ती जागा तुला ठाऊक आहे आणि मीही लिहिलेलं आहे. दुकानदाराकडे चौकशी कर, कुणाकडे जुनी खारी टाकी असेल तर बघ.

दादा

ता. क. वहिनी लिहिते आहे: ठकी, सकाळपासून हे अंगणाच्या फाटकापर्यंत जातात आणि परत येतात. चार वेळा झालं. मी काही विचारलेलं नाही.


१९ एप्रिल

ती. दादास,
शि. सा. न.

दुकानदार म्हणाला की गोड्या पाण्याच्या टाक्या हव्या तेवढ्या दाखवतो, खारी एकच होती, दवाखान्यातली. हॉटेलात जाऊन आले. त्यांनी सगळं ब्लीचने धुऊन उन्हात वाळवलंय. मी त्यांना काय बोलणार!

रोज पाणी बदलतोय. हे बेकरीतून आले की कपडे न बदलता बादल्या उचलतात. क्षार तोलताना आता चव घेत नाहीत, बोलतही नाहीत. पाणी बदललं की दोन-तीन तास बाई बऱ्या असतात, मग पुन्हा वर येऊन तोंड उघडझाप. आज हिरवं कालच्यापेक्षा गडद आलं. दवाखान्यात रिकाम्या भिंतीसमोर बसते आणि मन इथे. काल एका पेशंटाचा नंबर दोनदा पुकारला.

दादा, मला एकच गोष्ट खुपते. बावीस वर्षं मी जंतू मारले ते कुणाला काही होऊ नये म्हणून. त्यातच माझी हुशारी होती. आणि ज्या एका जिवासाठी एवढी धडपड केली, त्याला जगवणारे जंतू मीच मारले, वर त्याची शेखी मिरवली. बाई मला अजून ओळखतात. नऊला दिवा लावला की कशाबशा काचेशी येतात, वर बघतात आणि परत कोपऱ्यात जातात. त्या आल्या नाहीत तर बरं, असं वाटायला लागलंय.

तू त्या पायऱ्या चढणार नाहीस हे मला माहीत आहे. मी चढ म्हणत नाहीये. फक्त सांगतेय की असं असं आहे.

ठकी


२३ एप्रिल

प्रिय ठकीस,
अनेक आशीर्वाद, या वेळी माझे स्वतःचे, उसने घेतलेले नव्हेत.

हे पत्र तुझ्या दादांच्याच हाती देते आहे. ते फोडून वाचणार नाहीत आणि यातलं काही तुला सांगणारही नाहीत, म्हणून बंद पाकिटात.

काल तुझं पत्र आलं. त्यांनी वाचलं, घडी घातली, चष्मा काढला आणि मला म्हणाले की चपला घाल. कुठे ते मी विचारलं नाही. मत्स्यालयाच्या फाटकाशी पोचल्यावर त्यांना एकदम शेजारच्या दुकानातून बॅटरीचे सेल घ्यायचे आठवले. घरात बॅटरीच नाही. सेल घेऊन झाले तरी पाय उचलेना. मग मला म्हणाले की तू पुढे हो, मला ऐकू येत नाही. बरं, मी पुढे झाले, हे माझ्या मागे.

पंपघरात आता एक इंजिनिअर बाई आहेत, तिशीच्या, हात कोपरापर्यंत ग्रीसने भरलेले. मी नाव सांगायच्या आत त्या उठून उभ्या राहिल्या. टेबलावर ह्यांच्या हातच्या नोंदवह्या, दोरीने बांधलेल्या एकतीसच्या एकतीस. भिंतीवर ह्यांनी खडूने लिहिलेली सूचना तशीच आहे, की तीन नंबरचा पंप सुरू करण्याआधी हलकेच ठोका. त्यावर त्यांनी काच बसवून घेतली आहे, पुसली जाऊ नये म्हणून. मी हे सगळं ह्यांना कागदावर लिहून दाखवलं, कारण बाई बोलतात भरभर. वाचून ह्यांनी खिशातून रुमाल काढला आणि ग्रीसचा वास फार येतो म्हणाले.

स्पंजाचं सांगितल्यावर बाईंनी आधी चहा मागवला. ह्यांचं आपलं आधी स्पंज, आधी स्पंज. बाई ऐकेनात. चहा झाल्यावर त्यांनी आतल्या खोलीची किल्ली ह्यांच्या हातावर ठेवली आणि म्हणाल्या की कुलूप तेच आहे, आम्हाला दहा मिनिटं लागतात, तुम्हीच उघडा. एका हिसक्यात उघडलं, ठकी. मग आतून अर्धा तास बाहेर आले नाहीत.

रुंद तोंडाच्या थर्मासमध्ये खारं पाणी आणि त्यात तो काळा गोळा. माझा चांगला थर्मास गेला तो गेलाच. सकाळच्या बसने निघताहेत. दर थांब्यावर झाकण उघडून त्याला हवा द्यायची आहे म्हणे, तेव्हा शेजारच्या प्रवाशाची मला दया येते.

त्यांना कमी तिखट दे. आणि ठकी, थर्मासला साबण दाखवू नकोस.

तुझी,
वहिनी


४ मे

सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि. संपूर्ण नमस्कार तुझाच, दादाला यातलं काही देऊ नकोस.

दादा उद्या निघतोय, पाकीट त्याच्याच हाती. तू मला त्याचं सांगितलंस, आता मी तुला सांगते, कारण तो तिकडे येऊन पाणी ठीक आहे एवढंच म्हणेल.

बसमधून उतरला तो थर्मास पोटाशी धरून. मी वाकून नमस्कार केला तर म्हणाला की बाजूला हो, आधी फिल्टर. काळा गोळा बसवला, त्यातून थोडी काजळी पाण्यात उडाली, आणि वहिनी, माझे हात आपोआप फडक्याकडे गेले. त्याने नुसतं बघितलं. मी हात पाठीमागे बांधून उभी राहिले. पहिले दोन दिवस जीव टांगणीला होता. पाणी बदलणं चालूच. दादा कपाटासमोर खुर्ची टाकून बसायचा, त्याला ऐकू येत नाही आणि बाईंना बोलता येत नाही, त्यामुळे दोघांचं छान जमलं. तिसऱ्या दिवशी हिरवं फिकं झालं. एकोणतीसला सकाळी थेंब टाकले, हे पिठाच्या हातांनी नळी उजेडात धरून उभे, आणि रंग आला पिवळा. स्वच्छ पिवळा. हे इतक्या जोरात ओरडले की दादालाही ऐकू गेलं. त्याच दिवशी बाईंनी दादाच्या बोटाला असा चावा घेतला की रक्त आलं. तो म्हणाला की आता काळजी नाही.

आणि मग तीस तारीख. मला एकटीला जायचं नव्हतं, दादा बरोबर आला. सगळे पेशंट भेटून गेले, टेबल रिकामं झालं. डॉक्टरांनी मला वाफेचं यंत्र आठवण म्हणून देऊ केलं. मी नको म्हटलं, त्याने माझं पुरेसं काम केलंय. फक्त चिकटपट्टीची गुंडाळी घेतली, काचेवरच्या रेघेला लागते. समोरून चहा यायचा होता. डॉक्टर तरी काय, घाईगर्दीत होते, घरमालक दारात उभा होता, त्यांनी सहज हात पुढे केला आणि म्हणाले की ठकीबाई, तेवढी किल्ली द्या. मी पर्स उघडली. आणि वहिनी, दादा, जो चार माणसांत तोंड उघडत नाही, कारण कोण काय म्हणालं ते त्याला कळत नाही, तो खुर्चीतून उठला. शब्द ऐकू आला नसेल, पण पुढे आलेला हात त्याने पाहिला होता. सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला की आधी चहा.

मग डॉक्टरच हसले, हात मागे घेतला, घरमालकालाही बसायला सांगितलं आणि स्वतःच्या थरथरत्या हातांनी पहिला कप माझ्यापुढे ठेवला. बराच सांडला. मी तो शेवटच्या घोटापर्यंत, सावकाश, बसून प्यायले. मग पर्समधून किल्ली काढली आणि आपण होऊन दिली. रडले, पण ते पुरतं, सगळ्यांसमोर, आणि घरी येताना हलकं वाटत होतं.

आज सकाळी नऊला दिवा लावला. बाई काचेशी आल्या, मला खालून वर बघितलं, आणि पहिल्यासारखं पुरतं बघून झाल्यावरच वळल्या. नोकरी गेली तरी हजेरी चालू आहे.

तुझा थर्मास परत पाठवतेय. त्यात आमच्या स्पंजाचा एक तुकडा आहे. इंजिनिअर बाईंच्या एका लहान टाकीचा फिल्टर बंद पडून त्यातलं विरजण मेलंय म्हणे, आणि मंगळवारी दादाला तिथे बोलावलं आहे. जाऊ की नको, जाऊ की नको असं तो इथे नऊ दिवस म्हणत होता. तिथे स्पंजांना काय तोटा, पण त्याला रिकाम्या हाताने जाववत नसेल; काल रात्री मला विचारून हा तुकडा त्याने स्वतःच कापला.

तेव्हा झाकण उघडून बघू नकोस, वास येतो. लोभ आहेच, तो तसाच मुरू द्यावा, आणि कृपा करून धुऊ नये.

तुझी,
ठकी